खुणांच्या भाषेचे लेखन : चांद्याच्या भाषिक इतिहासातील एक उणीव

ग्रियर्सनच्या भाषापाहणीचा चौथा खंड 1906 साली प्रसिद्ध झाला. मुंडा व द्राविडी भाषांना वाहिलेल्या या खंडात गोंडीचे नमुने आहेत. म्हणून जुन्या चांदा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूर व 1982 साली त्यातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याच्या, भाषिक इतिहासाकडे वळणाऱ्या अभ्यासकास तो टाळता येत नाही. ग्रियर्सनची रीत परिचित आहे. उधळ्या पुत्राची बायबलातील कथा प्रत्येक बोलीत उतरवून घ्यावयाची, सोबत स्थानिक मजकूर व शब्दांची ठराविक यादी मागवावयाची, आणि मग भाषांतराशी भाषांतर ताडून पाहावयाचे. रीत सदोष होती. कथा परकी, आणि भाषांतरात मूळ वाक्यरचनेची छाया पडण्याचा धोका मोठा. तथापि अरण्यातील बोलीही लिहून घेण्याजोगी आहे, एवढे या पाहणीने मान्य केले.

कर्णबधिरांच्या खुणांना मात्र तिच्यात जागा नव्हती. त्याचे आश्चर्य वाटावयास नको. 1880 च्या मिलान परिषदेने शाळांतून खुणांना हद्दपार करण्याचा पुरस्कार केला होता, आणि भाषा म्हणजे कानाने टिपावयाची वस्तू हे विद्वानांनीही गृहीत धरले होते. या समजुतीस खरा तडा गेला तो 1960 साली, विल्यम स्टोको याच्या प्रबंधाने. हाताचा आकार, खुणेचे स्थान आणि हालचाल या तीन अंगांनी खुणेची फोड करून प्रत्येकास त्याने चिन्हे दिली. 1965 सालच्या त्याच्या कोशातील नोंदींचा क्रम इंग्रजी शब्दांचा नसून खुणांच्याच घटकांचा आहे. पुढे 1974 मध्ये व्हॅलरी सटन हिची चित्रलिपी आली, आणि 1980 नंतरच्या दशकात हाम्बुर्ग येथील चिन्हपद्धती सिद्ध झाली.

व्यवहारात मात्र खुणेखाली बोलभाषेतील प्रतिशब्द लिहिण्याची सोपी वाट रूढ आहे. तिने काय लोपते ते एका उदाहरणावरून दिसेल. भारतीय खुणांच्या भाषेत एक सर्वसाधारण प्रश्नवाचक खूण आहे. ‘चेहरा’ या खुणेपुढे ती आली की ‘कोण’, आणि ‘जागा’ या खुणेपुढे आली की ‘कुठे’. प्रश्नाची खूण वाक्याच्या शेवटी येते. अमेरिकन खुणांत ‘कोण’ यास स्वतंत्र खूण आहे. दोहोंखाली ‘कोण’ एवढेच लिहिले, तर दोन भिन्न व्याकरणे कागदावर एकरूप दिसतात. ग्रियर्सनच्या पाहणीत निदान गोंडी शब्द गोंडीतच लिहिले होते; येथे मूळ शब्दच गळून केवळ भाषांतर उरते.

शब्दयाद्या निरर्थक आहेत असे नाही. मदन वसिष्ठ, जेम्स वुडवर्ड व कर्क विल्सन यांनी 1970 नंतरच्या दशकात दिल्ली, कलकत्ता, मुंबई व बंगलोर येथील खुणा ताडून पाहिल्या व त्यांत पुष्कळ साम्य दाखविले. परंतु उलरिके त्सेशान हिचा 2000 सालचा ग्रंथ अधिक खोल जातो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. दिल्ली व कराची येथील खुणांत शब्दभेद असूनही व्याकरण एकच आहे, हे केवळ यादीवरून उमगले नसते.

हा वाद केवळ ग्रंथालयातला नव्हे. वरोड्याजवळ बाबा आमटे यांनी 1949 साली वसविलेल्या आनंदवनात कर्णबधिर मुलांची शाळा आहे. अशा शाळेत येणाऱ्या मुलाच्या घरी मराठी, गोंडी वा माडिया बोलली जात असेल, आणि त्याने व त्याच्या माणसांनी रोजच्या गरजेपुरत्या काही खुणा आपल्यापुरत्या घडविल्याही असतील. त्या खुणांपुढे मराठी प्रतिशब्द टिपून वही मिटली, तर मुलाची भाषा मराठीची अपुरी नक्कल ठरते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने खुणांची भाषा जाणणाऱ्या शिक्षकांची तरतूद सांगितली आहे. त्या शिक्षकाच्या हाती कोणता कोश पडतो, यास म्हणून महत्त्व आहे.

दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने 2018 साली 3,000 शब्दांचा चलचित्रकोश काढला. 2021 पर्यंत तो 10,000 वर गेला. काम मोठे आहे. पण त्यात शोध घ्यावयाचा तो शब्दावरून. एखाद्या मुलाने केलेली अनोळखी खूण पाहून तिचा अर्थ धुंडाळू पाहणाऱ्या शिक्षकास हवा आहे तो स्टोकोचा क्रम : आधी स्थान, मग हाताचा आकार, मग हालचाल, आणि प्रतिशब्द सर्वांत शेवटी.