राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना

आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबांतील विद्यार्थ्यांना अभियांत्रिकी व अन्य व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्कात साहाय्य देणारी महाराष्ट्र शासनाची योजना.

पूर्वीच्या ईबीसी (आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग) शुल्क सवलतीचा विस्तार करून 2016-17 पासून ती लागू झाली. कोल्हापूर संस्थानात वसतिगृहांना आश्रय देणाऱ्या शाहू महाराजांचे (1874–1922) नाव तिला दिले आहे (पहा : शाहू महाराज, राजर्षी).

लाभासाठी महाराष्ट्राचा अधिवास, केंद्रीभूत प्रक्रियेतून (कॅप) प्रवेश आणि 8 लाख रुपयांपर्यंतचे कौटुंबिक वार्षिक उत्पन्न आवश्यक असते. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशास लाभ नाही. एका कुटुंबातील दोन अपत्यांनाच तो मिळतो. विद्यार्थी ‘महाडीबीटी’ संकेतस्थळावर अर्ज भरून तहसील कार्यालयाचा उत्पन्न दाखला जोडतो. महाविद्यालय व तंत्रशिक्षण विभाग त्याची छाननी करतात. अर्जाचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. सर्वसाधारण प्रतिपूर्ती शिक्षण शुल्काच्या 50 टक्के असून, 2024-25 पासून पात्र मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्काची 100 टक्के प्रतिपूर्ती मिळते.

खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयांतील शुल्कभार या योजनेमुळे हलका होतो. निवास-भोजनखर्चासाठी वेगळी योजना आहे (पहा : पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना).