कासवाला अभय: विहीर, काच आणि पांजरपोळ

वऱ्हाडात कासवाची मानाची जागा देवळात आहे. महादेवाच्या देवळात नंदी आणि गाभारा यांच्या मध्ये, फरशीत कोरलेले दगडी कासव असते आणि माणूस त्याला नमस्कार करूनच पुढे जातो. कीर्तनात कासव दोन रूपांत भेटते: गीतेतले, अवयव आवरून घेणारे स्थितप्रज्ञाचे कासव, आणि संतवाङ्मयातली, नुसत्या नजरेने पिलांना पोसणारी कासवी. वऱ्हाडातलेच भातकुली हे आदिनाथांचे जैन तीर्थक्षेत्र आहे, आणि जैन परंपरेत विसावे तीर्थंकर मुनिसुव्रतनाथ यांचे लांछनही कासवच. देऊळ, कीर्तन आणि तीर्थ, तिन्ही ठिकाणी कासवाला मान आहे. पण तिन्हींपैकी एकानेही जिवंत कासव घरात आणून ठेवायला सांगितलेले नाही. आज घराच्या दिवाणखान्यात कासवासाठी काचेची पेटी मांडताना परंपरेचा हवाला दिला जातो. तो हवाला इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही, असे माझे म्हणणे आहे.

या म्हणण्यावर पहिला आक्षेप विहिरीचा येईल, आणि तो रास्त आहे. पाणी स्वच्छ राहते म्हणून विहिरीत कासव सोडण्याची चाल महाराष्ट्रात जुनी आहे. भातकुलीचा मुलूख पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातला. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारट लागते, त्यामुळे गोड्या पाण्याच्या विहिरीचे मोल इथे इतर कुठल्याही गावापेक्षा जास्त. अशी विहीर राखण्यासाठी माणसाने जे जे केले, त्यात कासव सोडणेही बसते. किडे, मेलेले मासे आणि कुजका पाला खाणारे पाणकासव हा त्या काळचा सफाईचा उपाय होता. म्हणजे विहिरीतले कासव पाळीव नव्हते. घरातल्या माणसांच्या जिव्हाळ्यापायी ते तिथे आलेले नव्हते. पाणी राखण्याच्या कामाला त्याला जुंपले होते. या चालीतून कासव पाळण्याची परवानगी काढणे म्हणजे बैलाच्या जोखडातून बैल दिवाणखान्यात बांधण्याची परवानगी काढण्यासारखे आहे.

शिवाय ती चाल कासवाच्या भल्याची होती का, हेही तपासले पाहिजे. आपल्या नद्यानाल्यांतले पाणकासव हवा घ्यायला वर येते, अंग शेकायला काठावर बसते, कडक उन्हाळ्यात ओलसर चिखलात स्वतःला पुरून घेते, आणि अंडी घालायला त्याला पाण्याबाहेरची माती लागते. चारी बाजूंनी दगडाने बांधलेल्या विहिरीत ऊन जेमतेम भर दुपारी उतरते आणि माती तर नसतेच. अशा विहिरीत मादी असली तरी तिची अंडी वाया जात. तीन पिढ्यांनी एकच कासव पाहिले, ही गोष्ट अनेक घरांत कौतुकाने सांगितली जाते. त्या कौतुकाची दुसरी बाजू अशी की तीन पिढ्यांत त्या कासवाला एकही पिल्लू झाले नाही. दीर्घ आयुष्य हा कासवाचा देहधर्म आहे. तो सुखाचा पुरावा मानता येत नाही.

काचेची पेटी या विहिरीपेक्षाही अलीकडची आणि अधिक अडचणीची. बाजारात सर्वाधिक मागणी असलेले तारांकित कासव वऱ्हाडचे नाही. वायव्येकडे गुजरात-राजस्थान आणि दक्षिणेकडे आंध्र, कर्नाटक, तामिळनाडू ही त्याची भूमी. ते कोरड्या गवताळ माळावरचे, जमिनीवरचे कासव आहे. तरी वास्तूच्या नावाने त्याला पाण्याच्या ताटात ठेवले जाते. खिडकीतून ऊन येते म्हणून घरच्यांना समाधान वाटते, पण उन्हातला जो अतिनील किरणांचा भाग कवचाला हवा असतो तो साध्या काचेतून जवळजवळ येत नाही. तो मिळाला नाही की शरीरात डी जीवनसत्त्व तयार होत नाही, खाल्लेला चुना हाडांत मुरत नाही, आणि कवच मऊ पडते, वेडेवाकडे वाढते. बंदिस्त जागेत कासव नीट ठेवायचे तर अतिनील दिवा लागतो, एका टोकाला बत्तीस ते पस्तीस अंशांची ऊब आणि दुसऱ्या टोकाला गारवा लागतो, खणता येईल अशी माती लागते, लपायला आडोसा लागतो, आणि भिंती अपारदर्शक लागतात, कारण पारदर्शक काच त्याला अडथळा म्हणून कळत नाही आणि ते तिला धडका देत राहते.

मग असा नीट निवारा घरीच का बांधू नये, हा दुसरा आक्षेप. इंग्लंडमध्ये गिल्बर्ट व्हाइट यांनी १७८० मध्ये आत्याकडून आलेले कासव सेलबॉर्नच्या आपल्या बागेत ठेवले आणि त्याच्या खाण्याझोपण्याच्या बारीक नोंदी केल्या. ते मोकळ्या बागेत होते, पाहणारा माणूस असामान्य नजरेचा होता. तरीही टिमोथी या पुरुषी नावाने ओळखले गेलेले ते कासव मादी होते, हे पुढे कवच तपासल्यावर कळले. जवळ ठेवणे आणि ओळखणे एक नव्हे. आपल्याकडे तर प्रश्न हौसेपुरता उरलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी कासव पाळण्यावर बंदी आहे. २०१९ मध्ये वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात टाकून तारांकित कासवाचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला आणि २०२२ च्या दुरुस्तीने ते कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. आता त्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद आहे. कायदा कठोर वाटेल, पण पेटीतल्या एका कासवामागे पोत्यांत कोंबून नेताना मेलेली कासवे असतात, आणि गिऱ्हाईक आहे तोवर ती मरत राहणार.

तरीही बंदिस्त निवारा मुळीच नको, असे मी म्हणणार नाही. जप्त केलेले, कवच फुटलेले, लगेच सोडता न येणारे कासव ठेवायला जागा लागतेच, आणि तिची परंपरा आपल्याकडे खरोखर आहे. ती पांजरपोळाची. मुंबईचा पांजरपोळ १८३४ चा. अकोल्यात गोरक्षण संस्थेचे नाव एका मोठ्या रस्त्यालाच मिळाले आहे. अशा जागी जनावर मालकाच्या उपयोगासाठी नसते, त्याच्या स्वतःच्या जगण्यासाठी असते. भातकुली तालुक्यात पूर्णाकाठी ऋणमोचन आहे, गाडगेबाबांच्या सेवाकार्याची सुरुवातीची भूमी. बाबांनी देवापुढच्या पशुहत्येविरुद्ध आयुष्यभर कीर्तने केली आणि त्यांच्या दशसूत्रीत मुक्या प्राण्यांसाठी जो शब्द आहे तो ‘अभय’. अभय म्हणजे पाळणे नव्हे. आपल्यापासूनचे भय काढून घेणे. संतांची कासवीही पिलाला कवटाळत नाही, लांबूनच त्याच्यावर नजर ठेवते.

म्हणून उष्णता, दिवा, माती आणि आडोसा यांचे सारे ज्ञान वनविभागाच्या उपचार केंद्रांत आणि प्राणिसंग्रहालयांत लागू द्या. घरात कासव हवे असेल तर ते दगडाचे किंवा पितळेचे ठेवा. आणि कुणाच्या घरी जिवंत कासव असेलच, तर ते पूर्णेत किंवा गावतळ्यात परस्पर सोडू नका. तारांकित कासव पाण्यात बुडते, आणि परदेशी लाल कानाचे कासव देशी कासवांचे अन्न हिरावते. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा आणि ते त्यांच्या हाती सोपवा.