कोपनहेगनचा वसंत आणि चार भाषांचा दगड

माझा एक जुना विद्यार्थी एप्रिलमध्ये कामासाठी तीन आठवडे कोपनहेगनला जातोय. त्याचा मेसेज आला : "सर, शनिवार-रविवार मोकळे आहेत. काय बघू? तुम्ही इतिहासवाले, यादी द्या."

दुसऱ्या दिवशी त्याच्या अम्मीचा फोन आला. त्यांना यादीत रस नव्हता. "सर, तुम्हीच समजवा त्याला. उस मुल्क में कायकू जाना?" त्यांच्या मनात काय होतं ते मला कळलं. 2005 साली डेन्मार्कमधल्या एका दैनिकाने छापलेली व्यंगचित्रं आपल्या घरांतून अजून पुसली गेलेली नाहीत. डेन्मार्क म्हटलं की आपल्याला तेवढंच आठवतं.

मी त्यांना म्हणालो, "आपा, काळजी करू नका. मी त्याला अशी यादी देतो की तो परत येईल तेव्हा तुम्हालाच चार गोष्टी सांगेल." ती यादी लिहिता लिहिता लांबली, म्हणून इथेच टाकतो आहे. मी स्वतः त्या शहरात गेलेलो नाही. माझी तिथली सगळी पायपीट पुस्तकांतून आणि नकाशांवरून झालेली आहे.

आधी हवेबद्दल. एप्रिल म्हणजे तिथे वसंत, पण आपल्या चैत्रासारखा नव्हे. दुपारी दहा-बारा अंश, वर समुद्राचा वारा. जाड जाकीट असू द्यावं. मात्र उजेड भरपूर. एप्रिलअखेर रात्री साडेआठपर्यंत दिवस रेंगाळतो. हिवाळ्यात दुपारी चारच्या आधीच अंधार बघणाऱ्या माणसांना या उजेडाचं काय अप्रूप असेल, ते आपल्याला समजणं अवघड आहे. पहिला पाऊस पडल्यावर आपण जसे उगाच बाहेर पडतो, तसे ते ऊन पडल्यावर बाहेर पडतात. शहराच्या उत्तरेला बिस्पेब्येर्ग नावाचं कब्रस्तान आहे. तिथे चेरीच्या झाडांची एक लांब रांग आहे, ती साधारण एप्रिलच्या उत्तरार्धात गुलाबी फुलते आणि अख्खं शहर तिच्याखाली उभं राहून फोटो काढतं. कब्रस्तानात फोटो काय काढायचे, असं आपल्याला वाटेल. त्याबद्दल पुढे बोलतो, कारण माझ्या यादीतली सगळ्यात महत्त्वाची जागाही कब्रस्तानातच आहे.

वसंतात तिथलं तिवोली उद्यानही नव्या हंगामासाठी उघडतं. पाळणे, दिवे, कारंजी आणि ट्यूलिपचे ताटवे. 15 ऑगस्ट 1843 रोजी ते सुरू झालं. ते उभारणारा गेओर्ग कार्स्टेन्सन 1812 मध्ये जन्मला तो अल्जिअर्स शहरात, म्हणजे तेव्हाच्या उस्मानी अल्जीरियात. त्याचे वडील तिथे डॅनिश राजनैतिक सेवेत होते. या उद्यानात 1909 ची एक पांढरी इमारत आहे, निंब नावाची. तिच्या कमानी आणि घुमट बघितले की डोळ्यांसमोर अंदलूस येतं. डॅनिश माणसाच्या करमणुकीच्या जागेतही पूर्वेचं एक स्वप्न आहे. स्वप्नच ते, खरी पूर्व नव्हे. ती बघायला निघालेल्या दोन माणसांची गोष्ट मला सांगायची आहे.

त्यासाठी आमालिएनबोर्गच्या चौकात जावं लागेल. राजवाड्यांच्या चार इमारती आणि मधोमध राजा पाचवा फ्रेडरिक याचा अश्वारूढ पुतळा. दुपारी बाराला पहारा बदलतो, तेव्हा पर्यटकांची गर्दी होते. सगळे शिपायांच्या केसाळ टोप्या बघतात, पुतळ्याचा खर्च कोणी केला हे कोणी विचारत नाही. तो केला डेन्मार्कच्या एशियाटिक कंपनीने. आपण ईस्ट इंडिया कंपनी म्हणतो तशीच ही त्यांची. तमिळनाडूतलं तरंगंबाडी 1620 पासून 1845 पर्यंत डॅनिश लोकांकडे होतं, आणि या कंपनीची जहाजं तिथे आणि चीनला जात. कोपनहेगन या नावाचा अर्थच मुळी व्यापाऱ्यांचं बंदर. याच बंदराच्या जोरावर डॅनिश जहाजांनी सुमारे एक लाख आफ्रिकी माणसांना गुलाम करून कॅरिबियन बेटांवर नेलं. 1792 च्या मार्चमध्ये या व्यापारावर बंदीचा हुकूम निघाला, तो लागू झाला 1803 मध्ये. शहर सुंदर आहे, पण त्याच्या विटांमध्ये हेही आहे. विद्यार्थ्याने हे लक्षात ठेवून फिरावं.

याच फ्रेडरिक राजाने 1761 मध्ये एक वेगळं जहाज पाठवलं. त्यात विकायचा माल नव्हता, सहा माणसं होती : एक भाषातज्ज्ञ, एक वनस्पतीतज्ज्ञ, एक डॉक्टर, एक चित्रकार, एक नोकर आणि एक मोजणीदार. मुक्काम अरबस्तान. काम एवढंच की तिथली भूमी, झाडं, मासे, भाषा, हस्तलिखितं, चालीरीती बघायच्या आणि लिहून आणायच्या. जानेवारीत निघालेलं जहाज वादळांमुळे पुन्हा पुन्हा माघारी फिरलं आणि मार्चमध्ये, म्हणजे वसंताच्या तोंडावर, एकदाचं मार्गी लागलं.

मोजणीदाराचं नाव कार्स्टेन नीबुर. उत्तर जर्मनीतल्या शेतकऱ्याचा मुलगा. भाषातज्ज्ञ फॉन हावेन आणि वनस्पतीतज्ज्ञ फोर्स्कोल यांच्यापुढे त्याची विद्या साधीच होती. पण यमनमध्ये तापाने गाठलं, आणि 1763 च्या मेमध्ये फॉन हावेन मोखा बंदरात गेला, जुलैमध्ये फोर्स्कोल गेला. मुंबईकडे येणाऱ्या जहाजावर चित्रकार आणि नोकर दोघेही गेले. डॉक्टर क्रामर मुंबईपर्यंत पोचला आणि फेब्रुवारी 1764 मध्ये मुंबईतच वारला. उरला एकटा नीबुर. त्याने स्थानिक कपडे घातले, स्थानिक जेवण जेवला, पुढच्या प्रवासात अब्दुल्ला हे नाव घेतलं. आपण वाचलो ते या राहणीमुळे, असं त्याचं मत होतं.

मुंबईत तो वर्षभराहून अधिक काळ राहिला. या काळात त्याने घारापुरीची लेणी मोजली, आराखडा केला, मूर्तींची चित्रं काढली. दरवर्षी आम्ही सहावीच्या मुलांना गेटवेवरून लाँचने घारापुरीला नेतो. मुलांचं सगळं लक्ष माकडांकडे आणि काकडीवालीकडे. मी त्यांना सांगतो की, इथे अडीचशे वर्षांपूर्वी एक माणूस फूटपट्टी घेऊन खांब मोजत होता, त्याचे पाचही सोबती मेले होते, आणि तरी त्याने खांब नीट मोजले. मुलं क्षणभर गप्प होतात. मग माकड येतं.

पुढे इराणात पर्सेपोलिसच्या अवशेषांमध्ये बसून 1765 च्या मार्चमध्ये त्याने कीलाकार लिपीतले शिलालेख उतरवून घेतले. त्याला त्यातलं अक्षरही वाचता येत नव्हतं. पण नक्कल इतकी चोख होती की 1802 मध्ये जर्मनीतला ग्रोटेफेन्ड नावाचा शिक्षक तिच्यावरून त्या लिपीतली पहिली नावं वाचू शकला. 1767 च्या नोव्हेंबरमध्ये नीबुर एकटा कोपनहेगनला परतला. मित्रांचे कागद त्याने टाकले नाहीत. फोर्स्कोलचं वनस्पतींवरचं काम त्यानेच 1775 मध्ये छापून घेतलं. फोर्स्कोलने वाळवून कागदावर चिकटवलेले तांबड्या समुद्रातले मासे आजही कोपनहेगनच्या संग्रहात जपलेले आहेत.

दुसरा माणूस रास्मुस रास्क. फ्यून बेटावरच्या गरीब घरातला, जन्म 1787. याला भाषांचं वेड. पंचवीसेक भाषा त्याला येत असं म्हणतात. तो 1816 मध्ये कोपनहेगनहून निघाला, स्वीडन, रशिया, कॉकेशस, इराण असा बहुतेक जमिनीवरून प्रवास करत 1820 मध्ये मुंबईत पोचला. कशासाठी? पारशी दस्तुरांकडून अवेस्ता समजून घ्यायला आणि हस्तलिखितं मिळवायला. तेव्हा युरोपात वाद चालू होता की अवेस्ताची भाषा खरंच जुनी आहे की बनावट. रास्कने 1826 मध्ये दाखवून दिलं की ती अस्सल आणि प्राचीन आहे, संस्कृतची बहीण आहे, मुलगी नव्हे. त्याने आणलेली हस्तलिखितं कोपनहेगनच्या शाही ग्रंथालयात आहेत. पाण्याच्या काठी काळ्या दगडाची तिरकी इमारत दिसते, ते हे ग्रंथालय.

इथे मला भाषाशिक्षक म्हणून सगळ्यात आवडणारी गोष्ट येते. पर्सेपोलिसच्या लेखांतली काही अक्षरं ग्रोटेफेन्डला लागत नव्हती. रास्कला संस्कृत येत होतं. 'देवानाम्', 'नराणाम्' हे षष्ठीचं अनेकवचन आपण शाळेत घोकलेलं असतं. "राजांचा राजा" अशा अर्थाच्या शब्दांच्या शेवटी तोच 'आनाम्' असणार, हे त्याने ओळखलं आणि न व म ही दोन अक्षरं सुटली. शेतकऱ्याच्या मुलाने न वाचता उतरवलेली अक्षरं साठ वर्षांनी दुसऱ्या गरिबाच्या मुलाने आपल्या व्याकरणाच्या किल्लीने उघडली. दोघेही मुंबईचं पाणी प्यायलेले!

रास्क 1832 मध्ये, वयाची पंचेचाळिशी पुरी होण्याआधी, क्षयाने गेला. त्याची कबर नोरेब्रो भागातल्या असिस्टेन्स कब्रस्तानात आहे. परीकथा लिहिणारा अँडरसन आणि तत्त्वज्ञ किर्केगार्द हेही तिथेच आहेत, त्यामुळे बहुतेक लोक त्यांना भेटून परत फिरतात. वसंतात लोक तिथे गवतावर चादर टाकून ऊन खातात, बायका मुलांच्या गाड्या ढकलत जातात. मेलेल्यांचा अपमान करण्याचा त्यात हेतू नसतो, तो त्यांचा बागेसारखा वापर आहे. आणि खरं सांगायचं तर आपल्याकडेही दर्ग्यांच्या अंगणात दुपारी माणसं झोपतातच की. नोरेब्रो हा भाग आज अरब, तुर्क, पाकिस्तानी कुटुंबांचा. भिंतीबाहेर दुकानांच्या पाट्यांवर अरबी दिसेल. आणि भिंतीच्या आत रास्कच्या दगडावर चार भाषा : डॅनिश, जुनी आइसलँडिक, अरबी आणि संस्कृत.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. वर्गात एका फळ्यावर उजवीकडून आणि डावीकडून, दोन्ही बाजूंनी लिहितो. स्टाफरूममध्ये मला अनेकदा विचारलं गेलं आहे, "तुमची खरी भाषा कोणती?" विचारणारे कधी या बाजूचे असतात, कधी त्या. मी हसून सोडून देतो, पण प्रश्न सोबत घरी येतो. म्हणून या दगडाबद्दल वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. अरबी आणि संस्कृत एकाच दगडावर नांदतात, आणि तो दगड आपल्याकडे नाही, तिकडे आहे.

यादीत आणखी दोन गोष्टी. रोझेनबोर्गच्या राजबागेसमोर डेव्हिड संग्रह आहे, प्रवेश मोफत. सी. एल. डेव्हिड नावाच्या वकिलाने आपल्या राहत्या घरात जमवलेला हा संग्रह आज इस्लामी कलेच्या युरोपातल्या मोठ्या संग्रहांत गणला जातो. इराणी मातीकाम, कुरआनची जुनी पानं आणि आपल्या दख्खनची चित्रंही. दख्खनच्या दालनात जरा जास्त थांब.

आणि शक्य असेल तर 4 मेपर्यंत राहा. 9 एप्रिल 1940 ला जर्मन फौजा शिरल्या आणि 4 मे 1945 च्या संध्याकाळी रेडिओवरून त्यांच्या शरणागतीची बातमी आली. पाच वर्षं काळ्या पडद्यांनी झाकलेल्या खिडक्यांत लोकांनी मेणबत्त्या लावल्या. आजही त्या संध्याकाळी अनेक घरांच्या खिडक्यांत मेणबत्त्या जळतात.

यादी पूर्ण करून मी अम्मींना फोन लावला. व्यंगचित्रांची गोष्ट मी टाळली नाही. ती दुखावणारी होती, आहे. ज्या दैनिकाने ती छापली ते कोपनहेगनचंही नव्हे, ऑर्हूसचं. आणि त्याच देशाच्या संसदेने डिसेंबर 2023 मध्ये कुरआनसारख्या धर्मग्रंथांच्या जाहीर विटंबनेवर बंदी घालणारा कायदा केला, तिथल्याच अनेकांचा विरोध पत्करून. देश म्हणजे एक माणूस नसतो. आपल्यातल्या एखाद्याच्या कृत्यावरून सगळ्यांना मोजतात, तेव्हा आपल्याला किती लागतं! मग आपणही त्याच मापाने कोणाला मोजू नये.

त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तो अरबीवाला दगड... त्याचा फोटो पाठवायला सांगा."

मुलाला मी एवढंच लिहिलं : चेरीखाली फोटो काढ, तिवोलीत पाळण्यात बस, पण एक संध्याकाळ रास्कसाठी राख. जाताना फुलं ने. वाचता येतील तेवढे शब्द मोठ्याने वाच. अरबी तुला मदरशात शिकवली आहे, आणि संस्कृतची लिपी देवनागरी असली तर तीही तुला येतेच, मीच शिकवली आहे.