'मंचुरियन'चा मांचुरियाशी संबंध किती?

फराळाच्या ताटातल्या शंकरपाळ्यांचा शंकराशी काही संबंध नाही. फारसीत 'शकर' म्हणजे साखर आणि 'पारा' म्हणजे तुकडा. हा शकरपारा मराठी तोंडी रुळला आणि शंकरपाळा झाला. गोव्यात पोर्तुगीजांच्या वाईन-लसणीत मुरवलेल्या मांसाचे 'व्हिंदालू' झाले. पुढे इंग्लंडमधल्या कित्येक खानावळींनी त्यातला 'आलू' ऐकला आणि खरोखरच बटाटे घातले! नावे अशी प्रवासात झिजतात, त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही.

मंचुरियनचे तसे नाही. हे नाव झिजलेले नाही, चिकटवलेले आहे.

आमच्या सोलापुरात संध्याकाळी 'चायनीज'च्या गाड्या लागतात. तिथे लालभडक रश्शात बुडालेले गोळे म्हणजे मंचुरियन. कर्नाटकात त्यात फ्लॉवर असतो, आपल्याकडे बहुधा कोबी. पाटीवर मात्र दोन्हीकडे 'गोबी'च. या पदार्थाचा जन्म मुंबईचा. कोलकात्यात जन्मलेले आचारी नेल्सन वांग यांनी सांगितलेली हकिकत अशी : 1975 साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात एका गिऱ्हाइकाने काहीतरी नवे मागितले. वांग यांनी आले, लसूण आणि हिरव्या मिरचीची आपली नेहमीची फोडणी केली. गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि मक्याच्या पिठात घोळवून तळलेले कोंबडीचे तुकडे त्यात सोडले.

कोलकात्याच्या चिनी वस्तीतले बरेच लोक हाक्का, म्हणजे चीनच्या दक्षिण टोकाकडचे. मांचुरिया ईशान्य टोकाला. नाशिकच्या चिवड्याला 'आसामी' म्हणावे, तसे हे. माझ्या मते नावात दूरदेशाचा थोडा दिमाख हवा होता, इतकेच. पण या लोकांच्या बाबतीत एक गोष्ट विसरता येत नाही. 1962च्या युद्धानंतर भारतातल्या चिनी वंशाच्या सुमारे 3,000 लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबण्यात आले. त्यांतले अनेक जण इथेच जन्मलेले होते. इथे जन्मलेली माणसे परकी ठरली आणि तेरा वर्षांनी इथे जन्मलेला पदार्थही 'चायनीज' ठरला. पदार्थाचे कौतुक झाले, एवढाच फरक.

ज्या मांचू लोकांवरून हे नाव आले, त्यांच्या घराण्याने 1644 ते 1912 चीनवर राज्य केले. त्यांच्या स्वयंपाकात डुकराचे मांस, बाजरीसारखी भरडधान्ये आणि आंबवलेली कोबी. कोबी एवढीच काय ती ओळखीची खूण! त्यांची 'साचिमा' नावाची मिठाई मात्र आपल्याला परकी वाटणार नाही. पिठाच्या तळलेल्या शेवा पाकात घोळून तिच्या वड्या पाडतात. आपल्या शेवेच्या लाडवाची ही चुलतबहीणच म्हणायची. गाडीवर हवे असेल तर खरे 'मंचुरियन' ते.

खुद्द चीनमध्ये आज या प्रदेशाला मांचुरिया म्हणणे टाळतात, नुसते 'ईशान्य' म्हणतात. कारण जपानने 1931 साली हा मुलूख बळकावला आणि पुढच्याच वर्षी तिथे 'मांचुकुओ' हे बाहुले राज्य उभे केले. ते 1945पर्यंत टिकले. चिनी माणसाच्या कानाला त्या नावात त्या ताब्याची आठवण आहे.

आणि इथे सोलापूरचा संबंध येतो. जपानचे आक्रमण 1937 साली उघड युद्धात बदलले, तेव्हा चीनच्या मदतीला काँग्रेसने 1938 साली पाच डॉक्टर पाठवले. त्यांतले एक होते आमचे द्वारकानाथ कोटणीस, जन्म सोलापूरचा, 1910चा. जपानी फौजांशी लढणाऱ्या जखमींवर शस्त्रक्रिया करत ते राहिले, तिथल्याच ग्वो छिंगलान यांच्याशी लग्न केले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. चिनी लोकांनी त्यांना 'के दीह्वा' म्हटले. यातला 'ह्वा' म्हणजे चीन. मुलाच्या 'यिनह्वा' या नावात भारत आणि चीन दोन्ही आले. तिकडे नावे किती विचारपूर्वक ठेवली गेली, ते पाहा! आणि कोटणिसांच्या गावात चीनची रोजची ओळख कोणती, तर ज्या नावावर जपान्यांनी राज्य उभारले ते नाव.

गाडीवाल्या पोरांनी पाटी बदलावी, असे माझे म्हणणे नाही. त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे आणि पदार्थ चविष्टही लागतो. आक्षेप आपल्या आळसावर आहे. पन्नास वर्षे खाऊनही आपण हे कुठून आले, असे विचारले नाही.

'शेजवान'ची गत तर याहून गमतीची. चीनच्या सिचुआन प्रांताचे हे नाव जुन्या इंग्रजी लेखनावरून आपल्याकडे आले. तिथल्या स्वयंपाकाचा प्राण म्हणजे जिभेला मुंग्या आणणारी एक मिरी. ती आपल्या तिरफळांची सख्खी बहीण. कोकणात बांगड्याच्या तिखल्यात तिरफळे पडतात. गाडीवरच्या शेजवान चटणीत असते फक्त लाल मिरची आणि लसूण.