'हा प्रश्न इथे चालणार नाही'

कोडिंग करणाऱ्या कुणालाही विचारा. स्टॅक ओव्हरफ्लोवर प्रश्न टाकला आणि 'विषयाबाहेरचा' म्हणून बंद झाला, ही चिडचिड बहुतेकांच्या ओळखीची. पण हा कडकपणा आला कुठून?

२००८ मध्ये जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी ही साइट काढली, तेव्हा तिथे गप्पाही रंगायच्या. प्रोग्रामरांवरचं तुमचं आवडतं व्यंगचित्र कोणतं, हा तर गाजलेला प्रश्न! मजा यायची, पण नेमकी अडचण घेऊन आलेला माणूस त्या गर्दीत हरवणार, ही भीती होती. म्हणून २०१० मध्ये मतमतांतरांसाठी वेगळी साइट निघाली आणि मूळ जागी कात्री जोरात चालू लागली. ३००० गुण कमावलेल्या ५ सभासदांनी मत दिलं की प्रश्न बंद. २०१९ पासून तिघंच पुरतात. यातल्या कुणालाही पगार नाही, बरं का.

या झाडलोटीमुळेच रात्री दोन वाजता शोधलं तरी कामाचं उत्तर सापडायचं. माझ्या मते नियम बरोबर होता, सांगायची रीत चुकली. नवख्याला दोन ओळींचं ठरावीक कारण मिळायचं आणि वर उणे गुण. आपल्याकडे नवख्यांना आणि बायकांना परकं वाटतं, हे २०१८ मध्ये कंपनीनेच कबूल केलं.

२०२१ मध्ये प्रोसस कंपनीने ही साइट १८० कोटी डॉलरना घेतली. मे २०२३ मध्ये नव्या मालकाच्या राज्यात फर्मान आलं: एआयने लिहिल्याच्या नुसत्या संशयावरून उत्तरं काढू नका. फुकट राबणारे हे राखणदार तेव्हा चक्क संपावर गेले. तडजोड व्हायला ऑगस्ट उजाडला.