मुंबईच्या कापड गिरण्या : अपघातांची नोंद आणि आरोग्यसंशोधन यांतील दुरावा

प्रस्तावना

मुंबईच्या कापड गिरण्यांवर मराठीत विपुल लेखन झाले आहे. कामगार चळवळ, संप, चाळींतील जीवन, कोकणातून झालेले स्थलांतर, गिरण्यांच्या जमिनींचा प्रश्न अशा अनेक अंगांनी अभ्यासकांनी हा विषय हाताळला. गिरणीत कामगाराला झालेली इजा व जडलेला आजार यांची नोंद कोणी, कशासाठी आणि कोणत्या वहीत केली, या प्रश्नाकडे मात्र त्यामानाने कमी लक्ष गेले. वरवर पाहता हा प्रश्न कारकुनी स्वरूपाचा वाटतो. परंतु ज्या आजाराची नोंद नाही त्याची भरपाई नाही, आणि ज्याची गणती नाही त्यावर संशोधनही सहसा होत नाही. कापसाच्या धुळीमुळे होणाऱ्या 'बिसिनोसिस' या फुप्फुसाच्या विकाराच्या आधारे या दुराव्याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

कायद्यातून जन्मलेली नोंद

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची उभारणी केली. त्यानंतर सुमारे पाव शतक गिरणीतील अपघातांची दखल घेणारा कायदा नव्हता. १८८१ च्या कारखाना कायद्याने धोकादायक यंत्रांना कुंपण घालणे व अपघातांची सूचना देणे बंधनकारक केले. हा कायदा शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांपुरताच होता. त्याची दृष्टी यंत्रावर होती. पट्ट्यात सापडलेला हात निरीक्षकाला दिसत असे. पिंजण खात्यात दहा वर्षे काम केलेल्या माणसाची छाती त्याच्या कक्षेत येत नसे.

या संदर्भात नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ साली सादर झालेले निवेदन महत्त्वाचे ठरते. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या असलेल्या या निवेदनात रविवारची सुट्टी व दुपारची विश्रांती यांच्या बरोबरीने आणखी एक मागणी होती. कामावर असताना जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या उदरनिर्वाहाची तजवीज व्हावी, असे त्यात म्हटले होते. ही मागणी कायद्यात उतरण्यास सुमारे चार दशके लागली. कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ साली संमत झाला व १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्याच्या परिशिष्टात व्यवसायजन्य आजारांना स्थान मिळाले खरे, पण सुरुवातीची यादी ॲन्थ्रॅक्स, शिशाची विषबाधा अशा मोजक्या आजारांची होती. कापसाच्या धुळीचा विकार तीत नव्हता. मुंबईच्या सर्वांत मोठ्या उद्योगाचा आजार मुंबईला लागू असलेल्या कायद्याच्या यादीत नसावा, ही विसंगती लक्षणीय आहे.

मुंबई सरकारने १९२१ साली कामगार कार्यालय स्थापन केले व त्याच वर्षी 'लेबर गॅझेट' हे मासिक सुरू केले. वेतन, महागाई, संप आणि अपघात यांचे तक्ते त्यातून प्रसिद्ध होऊ लागले. याच काळात सरकारने डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स या स्त्री डॉक्टरची गिरण्यांतील स्त्री कामगारांच्या बाळंतपणाच्या परिस्थितीची पाहणी करण्यासाठी नेमणूक केली व त्यांचा अहवाल १९२२ साली प्रसिद्ध झाला. पुढे आसवले यांनी मुंबई कायदे मंडळात प्रसूती लाभाचे विधेयक मांडले, १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचे समर्थन केले, आणि १९२९ साली मुंबई प्रसूती लाभ कायदा संमत झाला. केवळ एका अहवालामुळे कायदा झाला असे म्हणणे धाडसाचे होईल. तथापि डॉक्टरचे निरीक्षण आणि शासनाची आकडेवारी एकाच कार्यालयात एकत्र आल्याचे हे मुंबईतील दुर्मीळ उदाहरण होय. धुळीच्या बाबतीत असे घडले नाही.

लँकेशायरचा दाखला

मुंबईच्या गिरण्यांतील यंत्रे मोठ्या प्रमाणावर लँकेशायरहून आली. यंत्रांबरोबर धूळही तीच होती. तिच्याकडे पाहण्याची पद्धत मात्र तेथे वेगळी घडली. ब्रिटनमध्ये वैद्यकीय संशोधन परिषदेच्या छत्राखाली औद्योगिक आरोग्य संशोधन मंडळ काम करीत होते. या मंडळासाठी ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने लँकेशायरच्या सूतगिरण्यांतील कामगारांच्या आजारपणाच्या नोंदींचे विश्लेषण केले व १९३० साली ते प्रसिद्ध झाले. कार्डिंग खात्यातील कामगारांत श्वसनविकारांचे प्रमाण अधिक असल्याचे त्यातून पुढे आले. १९३२ साली कार्डिंग खात्यातील धुळीसंबंधीच्या शासकीय समितीचा अहवाल आला आणि १९४१ साली बिसिनोसिससाठी भरपाईची योजना सुरू झाली. तिच्या अटी कडक होत्या व लाभार्थी थोडे होते. तरीही आजारपणाची नोंद, संख्याशास्त्रज्ञ, कारखाना प्रशासन व भरपाई यांची साखळी तेथे जुळली होती, हे नाकारता येत नाही.

१९५० च्या दशकात रिचर्ड शिलिंग यांनी या विकाराचे निदान प्रश्नावलीच्या साहाय्याने अधिक काटेकोर केले. सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होणे व धाप लागणे हे या आजाराचे वैशिष्ट्यपूर्ण लक्षण होय. म्हणूनच त्याला सोमवारचा आजार असेही म्हटले गेले. येथे एक बाब नोंदविण्यासारखी आहे. मुंबईच्या गिरण्यांत साप्ताहिक सुट्टीची मागणी १८९० साली मान्य झाली. सलग काम करणाऱ्याच्या छातीत सोमवार वेगळा उठून दिसण्याचे कारणच नाही. लोखंड्यांनी मिळविलेल्या रविवारने हा आजार ओळखण्याची खूणही अप्रत्यक्षपणे उपलब्ध करून दिली. ती खूण वाचणारी यंत्रणा मात्र पुढील अनेक दशके उभी राहिली नाही.

हजेरीपटाबाहेरचा कामगार

यंत्रणा नव्हती याचे खापर केवळ शासनावर फोडता येणार नाही. गिरणगावातील रोजगाराची रचनाच नोंदीच्या विरोधात होती. बदली कामगार सकाळी दारावर उभा राही आणि जॉबरच्या मर्जीने त्या दिवसाचे काम मिळवी. आज या गिरणीत, उद्या दुसऱ्या गिरणीत अशा फिरतीत कोणत्या खात्यात त्याने किती वर्षे धूळ गिळली याचा हिशेब एका वहीत सापडणे कठीण. नुकसानभरपाई कायद्यातील आजारविषयक तरतूद तर एकाच मालकाकडे सलग सहा महिन्यांच्या नोकरीची अपेक्षा करीत होती.

दुसरे कारण गावाशी जोडलेले आहे. धाप वाढली, काम झेपेनासे झाले की रत्नागिरी वा साताऱ्याकडचा कामगार गावी परते. त्याचा मृत्यू गावच्या दप्तरात नोंदला जाई आणि त्याचा व्यवसाय तेथे शेती म्हणूनही लिहिला जाऊ शके. जे कामावर टिकले तेच डॉक्टरांच्या तपासणीस उपलब्ध राहिले. रोगपरिस्थितिविज्ञानात निरोगी कामगारांच्या अवशिष्ट गटामुळे होणारी दिशाभूल म्हणतात ती हीच. खोकला व धाप क्षयाच्या किंवा विडीच्या खाती जमा करणेही डॉक्टरांना सोपे होते.

स्वातंत्र्यानंतरच्या चार वह्या

व्हिटली आयोगाने १९३१ साली कामगारविषयक माहिती कायद्याने गोळा करण्याची शिफारस केली होती व १९४२ साली औद्योगिक सांख्यिकी कायदा झाला. प्रा. बी. पी. अडारकर यांच्या १९४४ च्या अहवालातून आरोग्यविम्याची कल्पना पुढे आली. भोर समितीनेही १९४६ च्या अहवालात औद्योगिक आरोग्याचा स्वतंत्र विचार केला. म्हणजे विचारांची उणीव नव्हती.

प्रत्यक्षात जे उभे राहिले ते असे. १९४८ च्या कारखाना कायद्यान्वये मृत्यू किंवा ४८ तास वा अधिक काळ कामास असमर्थ करणारी इजा झाल्यास कारखान्याने निरीक्षकास कळवावयाचे होते. परिशिष्टातील आजार आढळल्यास डॉक्टरने मुख्य निरीक्षकास कळवावयाचे होते. न कळविल्यास दंड होता पन्नास रुपयांपर्यंत. राज्य कामगार विमा योजना १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली आणि १९५४ साली मुंबईत आली. तिच्याकडे पॅनेल डॉक्टरांची आजारपणाची प्रमाणपत्रे जमा होऊ लागली. सिमल्याच्या श्रम ब्युरोकडे राज्यांकडून अपघातांचे तक्ते जात. संशोधनासाठी श्रम मंत्रालयाची केंद्रीय श्रम संस्था मुंबईत शीव येथे, तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९६६ साली सुरू केलेली व १९७० पासून राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था या नावाने ओळखली जाणारी संस्था अहमदाबादेस. एक संस्था श्रम मंत्रालयाची, दुसरी आरोग्य मंत्रालयाच्या कक्षेतील.

यांतील प्रत्येक वही आपल्या हेतूस पुरेशी होती. निरीक्षकाला कायद्याचा भंग शोधावयाचा होता, विमा योजनेला रजेचे दिवस मोजावयाचे होते. रजेच्या प्रमाणपत्रावर 'ब्राँकायटिस' एवढे लिहिले तरी कामगाराला लाभ मिळे आणि डॉक्टरचे काम भागे. तो कामगार ब्लोरूममध्ये आहे की साचेखात्यात, हे त्या कागदाला विचारण्याची गरज नव्हती. संशोधकाला मात्र नेमके तेच हवे होते.

परळमधील पुरावा

या कोंडीतून वाट काढली ती गिरणगावातच असलेल्या रुग्णालयाने. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या आसपास मुंबईच्या गिरणी कामगारांच्या श्वसनविकारांचा पद्धतशीर अभ्यास केला. मुंबईत हा आजार आहे काय, या प्रश्नाचे उत्तर आता अंदाजावर सोडण्याची आवश्यकता उरली नाही. परंतु १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले व त्यांतील असंख्य पुन्हा गिरणीत परतले नाहीत. ज्यांच्या फुप्फुसांचा दीर्घकाळ पाठपुरावा व्हावयास हवा होता तो समूहच विखुरला. संपाच्या इतिहासात ही हानी क्वचितच मोजली जाते.

डॉ. व्ही. मुरलीधर, विजय कान्हेरे आदींनी मुंबईतील एका गिरणीतील बिसिनोसिससंबंधीचा अभ्यास १९९५ साली 'नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया' मध्ये प्रसिद्ध केला. बिसिनोसिस तोवर विमा कायद्याच्या यादीत आलेला होता. तरीही निदान, खात्यातील कामाचा पुरावा आणि वैद्यकीय मंडळापुढील दावा एकत्र आणण्याचे काम शासकीय यंत्रणेबाहेरील डॉक्टर व कार्यकर्त्यांना करावे लागले.

त्याच वर्षी, २७ जानेवारी १९९५ रोजी, ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या प्रारंभापासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर, जतन करण्याचा आदेश दिला. २००९ च्या राष्ट्रीय धोरणात सांख्यिकी व संशोधन यांचा समावेश झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या कारखाना कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० हिने घेतली असून तिच्यात आजारांची सूचना, सर्वेक्षण व सांख्यिकी यांविषयी तरतुदी आहेत. मात्र ज्या ब्लोरूम व कार्डिंग खात्यांतील कामगारांपासून हा प्रश्न उभा राहिला, त्यांच्या मुंबईतील गिरण्या बहुतांशी बंद पडल्या आहेत, आणि त्यांचे हजेरीपट जेथे शिल्लक असतील तेथे त्यांवर कामगाराचे खाते लिहिलेले असले तरी त्याच्या आजाराची नोंद दुसऱ्याच कार्यालयाच्या दप्तरात आहे.