कर नाही त्याला डर कशाला? : वडाळ्याच्या मिठागरांची साक्ष

वडाळा म्हटले की आजच्या मुंबईकराला हार्बर मार्गावरचे स्थानक आठवते, आषाढी एकादशीला रांगा लागणारे विठ्ठलमंदिर आठवते, किंवा गाडीच्या कागदपत्रांसाठी जिथे खेटे घालावे लागतात ते परिवहन कार्यालय आठवते. याच वडाळ्याच्या पूर्वेला, खाडीच्या अंगाला मिठागरे होती, आणि १९३० च्या मे-जून महिन्यांत त्या मिठागरांवर मुंबईच्या सामान्य माणसांनी पुन्हा पुन्हा चाल केली होती, हे मात्र सहसा आठवत नाही. दांडी पाठ्यपुस्तकात गेली, धारासना चित्रपटात गेले, शिरोडा कोकणच्या स्मरणात राहिले. वडाळा शहराने गिळून टाकला. या लेखात आम्ही त्या वडाळ्याकडे वळतो आहोत, पण केवळ स्मरणासाठी नव्हे. आज रोजच्या बोलण्यात जे एक मत फार सहजपणे मांडले जाते, त्याची परीक्षा घ्यायला वडाळ्याइतकी चांगली जागा नाही असे आम्हांला वाटते.

ते मत असे : कर नाही त्याला डर कशाला? चौकात कॅमेरे लागले, बोटांचे ठसे आणि बुबुळांची चित्रे सरकारदप्तरी जमा झाली, फोन ऐकले जात असल्याची कुजबुज झाली, की प्राध्यापकांच्या खोलीपासून लोकलच्या डब्यापर्यंत ही म्हण ऐकू येते. ती म्हणणारा माणूस सरकारधार्जिणा असतोच असे नाही. बहुधा तो सरळमार्गी, कामात गुंतलेला, सोय झाली तर आनंद मानणारा असा गृहस्थ असतो. म्हणूनच त्याचे मत हसण्यावारी नेता येत नाही.

आता मिठाकडे येऊ. मीठ पिकवणे हे माणसाच्या अगदी जुन्या तंत्रांपैकी एक. भरतीचे पाणी बांध फोडून आत घ्यायचे, ते उथळ वाफ्यांतून खेळवायचे, पावसाळा सरल्यापासून पुन्हा पाऊस लागेपर्यंतच्या उन्हाने ते आटू द्यायचे आणि तळाशी साचलेले खडे ओढून त्यांच्या राशी घालायच्या. कोकण किनाऱ्यावर या जागेला आगर म्हणतात, आणि आगरी समाजाचे नाव याच शब्दाशी जोडले जाते. या तंत्रात समुद्र, ऊन आणि मेहनत एवढेच भांडवल. कित्येक ठिकाणी तर मेहनतीचीही गरज नसते. खाजणात, खडकांच्या खळग्यांत मीठ आपोआप धरते.

अशा वस्तूवर कर बसवायचा तर केवळ कर बसवून भागत नाही. जो माल समुद्र फुकट देतो तो फुकट घेणे हाच गुन्हा ठरवावा लागतो. १८८२ चा मिठाचा कायदा आणि मुंबई इलाख्यापुरता १८९० चा कायदा यांनी नेमके हेच केले. परवान्याशिवाय मीठ काढणे, बाळगणे, हलवणे दंडनीय ठरले. मीठखात्याच्या अंमलदारांना संशयावरून झडती, जप्ती व अटक यांचे अधिकार मिळाले. नाक्यानाक्यांवर चौक्या आल्या, वजने आली, पास आले. आपोआप धरलेले मीठ कोणी नेऊ नये म्हणून ते चिखलात मिसळून नासवण्याचे कामही सरकारी नोकर पगार घेऊन करीत. कर वसूल करण्यासाठी माणसाच्या स्वयंपाकघरापर्यंत नजर ठेवणारी यंत्रणा उभी राहिली.

इथे आपल्या म्हणीची पहिली परीक्षा होते. खळग्यातले मूठभर मीठ उचलून भाकरीशी खाणाऱ्या किनाऱ्यावरच्या बाईने काय ‘केले’ होते? तिच्या आजीने जे केले तेच. तिच्या दृष्टीने त्यात लपवण्यासारखे काही नव्हते. पण लपवण्यासारखे काय आणि उघड करण्यासारखे काय, हे ती ठरवत नव्हती, कायदा ठरवत होता. ‘कर नाही त्याला डर कशाला’ या म्हणीत एक गृहीत दडलेले आहे : गुन्हा कशाला म्हणायचे याबद्दल सरकारचे आणि आपले मत नेहमी एकच राहील. मिठाच्या कायद्याने हे गृहीत खोटे ठरवले.

मिठाच्या कराविरुद्धची तक्रार १९३० मध्ये जन्मली नव्हती. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०२ च्या अंदाजपत्रकावरील आपल्या पहिल्या गाजलेल्या भाषणात या कराचा बोजा गरिबांवर कसा पडतो ते आकडेवारीने दाखवले होते. पुढच्याच वर्षी कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला आणि १९०७ पर्यंत एक रुपयावर उतरला. सनदशीर वादाला यश येते याचे ते उदाहरण आहे, आणि त्या यशाची मर्यादाही लवकरच दिसली. १९२३ मध्ये सव्वा रुपयाचा कर अडीच रुपये करण्याचा प्रस्ताव विधिमंडळाने फेटाळला, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपल्या विशेषाधिकारात तो मंजूर करून टाकला. पुढच्या वर्षी तो पुन्हा सव्वा रुपयावर आला खरा, पण ज्या सभागृहाला ‘नाही’ म्हणता येते आणि त्या ‘नाही’चा उपयोग होत नाही, त्या सभागृहाची किंमत लोकांना कळून चुकली होती.

तरीही २ मार्च १९३० च्या पत्रातून गांधींनी लॉर्ड आयर्विन यांना मिठाचा कायदा मोडण्याचा बेत कळवला, तेव्हा सरकारइतकेच काँग्रेसमधले शहाणेही बुचकळ्यात पडले. पूर्ण स्वराज्याचा ठराव करून झाल्यावर मिठासारखी क्षुल्लक वस्तू कशाला, असे मोतीलाल नेहरूंसारख्यांनाही वाटले. मराठीच्या अभ्यासकाला मात्र ही वस्तू क्षुल्लक वाटू नये. आपल्या भाषेत ज्याचे मीठ खावे त्याला जागावे लागते, आणि न जागणारा नमकहराम ठरतो. मीठ हे निष्ठेचे माप आहे. सरकारने मिठाचा मक्ता घेतला याचा भाषेतला अर्थ असा की देशातला प्रत्येक माणूस सरकारचे मीठ खातो. स्वतः पिकवलेले मीठ खाणारा माणूस करच चुकवत नव्हता, तर आपण कोणाचे मीठ खातो हा प्रश्नही नव्याने विचारीत होता.

मुंबईत एप्रिल १९३० मध्येच चौपाटीवर अवंतिकाबाई गोखले, कमलादेवी चट्टोपाध्याय आदींनी मीठ तयार केले, विलेपार्ल्याला छावणी उभी राहिली. मे महिन्यात गांधींना अटक झाल्यावर आंदोलनाचा रोख खुद्द सरकारी मिठागरांकडे वळला, आणि शहराच्या हद्दीत असे मिठागर होते ते वडाळ्याला. २२ मे रोजी १८८ स्वयंसेवकांना पकडून वरळीला नेण्यात आले. २५ मे रोजी शंभर स्वयंसेवक निघाले तर त्यांच्यामागे सुमारे दोन हजारांचा जमाव होता. लाठीमार झाला, पुढे गोळीबारही झाला. १ जूनच्या मोठ्या चढाईत स्वयंसेवक आणि इतर मिळून जवळपास पंधरा हजार लोक होते असे पट्टाभी सीतारामय्यांनी काँग्रेसच्या इतिहासात नोंदवले आहे. घोडेस्वार पोलीस जमावात घुसले, दीडशेच्या आसपास माणसे जखमी झाली, आणि तरीही लोक चिखल तुडवीत मुठी मुठी मीठ घेऊन परतले.

या घटनेत दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. एक, २५ मेचे दोन हजार लोक बघे म्हणून आले होते. विजेची लोकल १९२५ पासून हार्बर मार्गावर धावत होती, वडाळा शहराच्या हाताशी होता. बघायला येणे आणि भाग घेणे यांतली रेघ आठवडाभरात पुसली गेली. दोन, या लोकांनी कायदा चोरून मोडला नाही. दिवसाउजेडी, तारीख जाहीर करून, पोलिसांच्या समोर मोडला. मराठीने या कृतीला ‘कायदेभंग’ म्हटले आणि त्याला ‘सविनय’ हे विशेषण लावले. गुन्हेगार कृत्य लपवतो. सत्याग्रही ते उघड करतो आणि शिक्षा मागून घेतो. ‘कर नाही त्याला डर कशाला’ ही म्हण वडाळ्याला अशी उलटी फिरली : केले आहे, आणि तरी डर नाही.

सरकारचा हात मिठापुरता राहिला नाही, तो शब्दापर्यंत गेला. एप्रिल १९३० च्या वटहुकुमाने वृत्तपत्रांकडून जामीन मागण्याचे अधिकार पुन्हा सरकारकडे आले. धारासन्याच्या २१ मेच्या लाठीमाराचे वृत्त पाठवताना आपली तार प्रथम अडवली गेली, असे अमेरिकन बातमीदार वेब मिलर यांनी लिहून ठेवले आहे. तारयंत्र हे त्या काळचे नवलाचे यंत्र. पण १८८५ च्या तारकायद्याने ते सरकारच्या मुठीत ठेवले होते. उत्तरादाखल मुंबईत सायक्लोस्टाइलवर काढलेली काँग्रेस पत्रके हातोहात फिरू लागली. बारा वर्षांनी हीच झुंज आकाशात गेली. २७ ऑगस्ट १९४२ पासून उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. आष्टी-चिमूरच्या ज्या बातम्या छापण्याची सोय नव्हती त्या तिथून ऐकवल्या. पोलीस लहरींचा माग काढणाऱ्या गाड्या घेऊन फिरत होते, केंद्र घरामागून घर बदलत होते. १२ नोव्हेंबरला छापा पडला आणि उषाबाईंना चार वर्षांची शिक्षा झाली. यंत्र दोन्ही बाजूंकडे होते. फरक एवढाच की एका बाजूचे यंत्र परवान्याचे होते.

परके राज्य गेले की हा प्रश्न मिटेल, असे मानणाऱ्यांची निराशा झाली. मिठाचा कर १९४७ मध्ये उठला, पण १८८५ चा तारकायदा राहिला. फोन ऐकण्याचा अधिकार त्याच्याच पाचव्या कलमातून चालत आला, त्याला कार्यपद्धतीचे कुंपण घालायला १९९६ साल उजाडावे लागले, आणि २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यातही तो अधिकार कायम आहे. आणीबाणीत कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी लेखनस्वातंत्र्याची बाजू घेतली आणि १९७६ मध्ये त्यांना अटक झाली. त्याच वर्षीच्या २८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने आणीबाणीत स्थानबद्धाला न्यायालयाचे दार बंद असल्याचे मानले. त्या चौघांत न्या. यशवंत विष्णु चंद्रचूड होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, तेव्हा जुना निकाल चुकीचा होता हे लिहिणाऱ्यांत त्यांचे चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड होते. चूक सुधारली हे खरे. त्याला एकेचाळीस वर्षे लागली हेही खरे.

दुसरी बाजू न मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा माणसे खरोखर मरत होती, आणि १८९७ चा साथरोग कायदा हा केवळ जुलमासाठी केलेला नव्हता. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर शहरात जे हजारो कॅमेरे बसले त्यांची मागणी नागरिकांनीही केली होती. हरवलेले मूल कॅमेऱ्यामुळे सापडते तेव्हा त्या आईला नागरी स्वातंत्र्याचे व्याख्यान कोणी देऊ नये. पण प्लेगचाच इतिहास सांगतो की रोग खरा असला तरी घरात घुसण्याची रीत निर्दोष ठरत नाही. पुण्यात १८९७ मध्ये सैनिकांकडून घरे तपासताना लोकांची अब्रू सांभाळली गेली नाही, आणि त्याचा शेवट रँडच्या खुनात झाला. वाद अधिकार असावा की नसावा एवढाच कधी नसतो. तो कोणाच्या हाती, किती काळ, कोणाला उत्तरदायी, हाही तितकाच महत्त्वाचा असतो.

मग आजच्या गृहस्थाला वडाळा काय सांगतो? आमच्या मते मीठ आणि माहिती यांत एक मोठा फरक आहे, आणि तो आपल्या विरुद्ध जातो. मिठाचा कर जिभेला कळत होता. तो मोडायला एक जागा होती, जिथे लोकल पकडून जाता येत होते, आणि तिथे दुसरे पंधरा हजार भेटत होते. आपल्या बोटांचा ठसा कुठल्या यंत्रात आहे, आपला चेहरा कोणी जुळवून पाहिला, हे कळायला जागाच नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना मुंबई बंद झाल्याबद्दलच्या फेसबुकवरील चार ओळींसाठी, एकीला त्या लिहिल्याबद्दल आणि दुसरीला पसंत केल्याबद्दल, अटक झाली. ‘काही केले नाही’ असेच त्यांनाही वाटत असणार. त्या अटकेत वापरलेले ६६अ हे कलम २४ मार्च २०१५ रोजी रद्द झाले, कारण कोणीतरी न्यायालयात गेले. सरकारविषयीची माहिती खरी की खोटी हे सरकारनेच ठरवण्याचा नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवला, तोही कोणीतरी गेले म्हणून.

‘कर’ या शब्दाला मराठीत करणी आणि सारा असे दोन्ही अर्थ चिकटतात. म्हणीत पहिला अभिप्रेत आहे. वडाळ्याच्या लोकांना दुसरा भेटला, आणि दुसऱ्यामुळे पहिल्याची व्याख्या बदलते हे त्यांना उमगले. त्यांच्यात कायदेपंडित थोडे असतील. मीठ कुठून येते हे मात्र त्या सगळ्यांना ठाऊक होते. आज आपण ज्या यंत्रांवर मत देतो ती कशी चालतात, त्यांचा परवाना कोणाकडे आणि त्यांचा हिशेब कोण विचारतो, एवढे तरी विद्यार्थ्यांना आणि स्वतःला विचारायला लावणे हे शिक्षकांच्या हाती आहे. त्यानंतर कोणी खुशाल म्हणावे, कर नाही त्याला डर कशाला. मग ते मत असेल. आज ती बहुधा सवय आहे.